मतलई वाऱ्यावरच्या होड्या

१६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज आमच्या शेजारी येऊन गेले. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सेलू, परतूर मागे पडतं आणि दोनेक तासांत जालना येतं. त्या काळी जालन्यापासून पाथरी-परभणीपर्यंतचा हा सगळा मुलूख मोगलांच्या अमलाखाली होता, आणि जालना ही त्यांची भरलेली पेठ. राजे आले ते पाहुणे म्हणून नव्हे. चार दिवस पेठ लुटली गेली. गावातल्या धनिकांनी आपलं सोनंनाणं जान महंमद या फकिराच्या आश्रयाला नेऊन ठेवलं होतं. मराठ्यांनी तिथेही हात घातला, फकिराने शाप दिला आणि पाच महिन्यांत राजे गेले, अशी कथा जुन्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. शापावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

मला त्या दिवसांतली दुसरीच गोष्ट खुणावते. राजे जालन्यात होते तेव्हा तिथून साडेतीनशे किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या एका खडकावर त्यांची मूठभर माणसं अडकून पडली होती. समोर इंग्रजांच्या तोफा होत्या, मागून सिद्दीचं आरमार येत होतं आणि पायाखालचा तट अजून अर्धाच उभा राहिला होता. त्या खडकाचं नाव खांदेरी.

वेढ्यांच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. पन्हाळ्याचा वेढा शाळेतल्या पोराला पाठ असतो. खांदेरीचा वेढा मात्र क्वचित सांगितला जातो, कारण त्यात पावनखिंड नाही. त्यात एक अर्धवट तट आहे, चार लहान तोफा आहेत, आणि रात्री काळोखात वल्हवत जाणाऱ्या होड्या आहेत. बेट वाचलं ते या होड्यांमुळे.

मुंबईच्या दाराशी

अलिबागच्या उत्तरेला थळ हे गाव आहे. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं, सपाट आणि लहान ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, दोन टेकड्यांचं खांदेरी. इंग्रजांच्या जिभेला ही नावं जमली नाहीत. त्यांनी त्यांची ‘हेनरी-केनरी’ अशी जोडगोळी करून टाकली.

खांदेरीपासून मुंबई उत्तरेला वीसेक किलोमीटर. मुंबई बंदरात शिरणारं किंवा तिथून बाहेर पडणारं जहाज बेटावरच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. महाराजांना नेमकी हीच नजर हवी होती, आणि तिचं कारण होतं जंजिऱ्याचा सिद्दी. सिद्दी आता मोगलांचा सरदार झाला होता. वर्षभर कोकणच्या किनाऱ्यावर जाळपोळ करायची, माणसं धरून न्यायची, आणि पावसाळा लागला की आरमार घेऊन मुंबईत माझगावला नांगर टाकायचा, असा त्याचा रिवाज. इंग्रजांना हा पाहुणा आवडत नव्हता. पण त्याला हाकललं तर सुरतेतला मोगल दुखावतो, आणि सुरतेवर तर ईस्ट इंडिया कंपनीचा सगळा व्यापार. म्हणून ते दोन्ही डोळे मिटून बसत. १६७८ च्या पावसाळ्यात महाराजांनी दौलतखान आणि दर्यासारंग या आपल्या दोन आरमारी सरदारांना पनवेलकडे पाठवलं. माझगावला नांगरलेलं सिद्दीचं आरमार जाळायचं, असा बेत होता. खाडी ओलांडायला पुरेशा होड्या मिळाल्या नाहीत आणि बेत फसला.

मग उरला तो खांदेरीचा उपाय. १६७२ मध्येही महाराजांनी या बेटावर गड बांधायला घेतला होता. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांचीही गलबतं समोर आली आणि काम थांबवावं लागलं. या वेळी महाराजांनी वेळ अशी निवडली की पावसाळ्याचा समुद्र अजून पुरता निवळलेला नव्हता. मोठी जहाजं बंदराबाहेर पडायला धजत नाहीत, अशाच दिवसांत मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. उतरल्या उतरल्या दगडमातीचा आडोसा रचायला सुरुवात झाली.

मायनाकाबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक इंग्रजांच्या पत्रांतून. भंडारी म्हणजे माडाची ताडी काढणारी, समुद्र आणि शस्त्र दोन्ही हाताळणारी किनाऱ्यावरची जात. गंमत अशी की मुंबईच्या रखवालीसाठी इंग्रजांनी उभ्या केलेल्या पलटणीतही भंडारीच होते. म्हणजे बंदराच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची, एकाच भाषेतली माणसं. एकांची चाकरी कंपनीकडे, दुसऱ्यांची रायगडाकडे.

शिबाडांचा पहारा

मुंबईच्या इंग्रजांना बातमी लागली तशी त्यांची तारांबळ उडाली. खांदेरी आमच्या मुंबईच्या हद्दीत येतं, असा त्यांचा दावा होता. पोर्तुगीजही ते आपलं म्हणत. महाराजांनी दाव्यांच्या भानगडीत न पडता दगड रचायला माणसं पाठवली होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ह्यूज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तीन शिबाडं देऊन पाठवण्यात आलं. बेटाभोवती फिरत राहायचं आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या होड्या अडवायच्या, एवढंच काम. शिबाड हे मालवाहू जहाज. पोट मोठं, चाल संथ, आणि वाऱ्याशिवाय ते जागचं हलत नाही. वारा पडला की इंग्रजांची शिबाडं पाण्यावर नुसती डुलत राहायची आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून मराठ्यांच्या होड्या वल्हवत बेटाला लागायच्या. वारा सुटला तर तो शिबाडांना भलतीकडेच ओढून न्यायचा. बेटावरचा तट मात्र रोज हातभर वाढत होता.

१९ सप्टेंबरला इंग्रजांचा धीर सुटला. फ्रान्सिस थॉर्प नावाचा लेफ्टनंट आपलं शिबाड घेऊन थेट बेटाला भिडला. तटाआडून बंदुका आणि दगड यांचा मारा झाला. थॉर्प आणि त्याचे दोन साथीदार तिथेच पडले, काही जण कैद झाले. दीडशे माणसांच्या अर्धवट आडोशाने कंपनीचा पहिला वार परतवला होता.

आता मुंबईने हातात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. ‘रिव्हेंज’ नावाचं लढाऊ जहाज, दोन गुराबा, तीन शिबाडं, दोन मचवे आणि दोनशेच्या आसपास गोरे शिपाई. जहाजावर कॅप्टन मिंचिन, आणि एकूण मोहिमेवर कॅप्टन रिचर्ड केग्विन. हा केग्विन मुंबईच्या घोडदळाचा सरदार. त्याआधी सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर राहिलेला. म्हणजे बेट राखायचं कसं हे त्याला ठाऊक होतं. बेट उपाशी कसं मारायचं, हे त्याला खांदेरीवर शिकायचं होतं.

‘डव्ह’ची गोष्ट

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखान चौलच्या उत्तरेकडून पन्नास-साठ गलबतं घेऊन निघाला. ही गलबतं पुढच्या टोकावरच्या तोफा डागत, वल्ह्यांच्या जोरावर सरळ अंगावर आली. इंग्रज नांगर उचलतायत तोवर ती जवळ पोचली होती. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेवरच्या लोकांचं अवसान गळालं, त्यांनी निशाण उतरवलं आणि गुराब मराठ्यांच्या हाती पडली. इंग्रजांची लहान जहाजं लांबच राहिली. एकटी ‘रिव्हेंज’ गलबतांच्या गराड्यात सापडली.

इथून पुढे दौलतखानाचं नशीब फिरलं. ‘रिव्हेंज’च्या तोफांनी त्याची पाच गलबतं बुडवली आणि उरलेलं आरमार मागे हटून किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरलं. तिथे ‘रिव्हेंज’ला पाठलाग करता येईना, तिचा तळ वाळूला लागला असता. दोन दिवसांनी मराठे पुन्हा बाहेर पडले, पुन्हा मागे हटले.

इंग्रजांनी हा विजय म्हणून मिरवला, आणि तोफांचा हिशेब मांडला तर तो विजय होताही. दौलतखानाला एक जहाज मिळालं आणि पाच गेली. पण त्या धुमश्चक्रीत बेटापर्यंत काय काय पोचलं, हा हिशेब वेगळा. ‘डव्ह’वर पकडलेल्या इंग्रजांना अलिबागजवळच्या सागरगडावर नेऊन ठेवलं. तिथल्या कड्यावरून समुद्र दिसतो. आपलंच आरमार बेटाभोवती घिरट्या घालताना त्यांना लांबून दिसलं असेल.

मतलई

आता त्या होड्यांविषयी. कोकणात पाऊस संपला की वाऱ्याचं वेळापत्रक घड्याळासारखं चालतं. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो; तो जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा. भूगोलाच्या पुस्तकात परभणीच्या पोरांनीही तो दोन गुणांसाठी पाठ केलेला असतो. थळच्या कोळ्यासाठी तो जगण्याचा भाग आहे. मध्यरात्रीनंतर मतलईवर होडी सोडायची, पहाटे समुद्रात जाळं टाकायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं.

खांदेरीची रसद याच वेळापत्रकावर चालली. तांदूळ, चुना, दारूगोळा, गवंडी, पाथरवट, जखमींच्या जागी नवी माणसं असं सगळं रात्री होडीत चढायचं. काळोखात शीड दिसत नाही, वल्ह्याचा आवाज लाटेत मिसळतो. थळच्या किनाऱ्यावरून निघालेली होडी खांदेरीला लागेपर्यंत सुमारे पाच किलोमीटरचा प्रवास असतो. या किनाऱ्याला भरती-ओहोटीचा फरकही मोठा. ज्या खडकावरून भरतीला होडी सहज पार होते, तिथेच ओहोटीला शिबाड फुटून जाईल. कुठल्या तिथीला, कुठल्या प्रहरी, कुठल्या खडकावर किती पाणी असतं, हे ज्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक होतं ते लोक बेटाच्या बाजूने वल्हवत होते.

इंग्रजांच्या पत्रव्यवहारात या होड्यांविषयीची चीड पानोपानी आहे. आमची जहाजं जड आहेत, यांच्या होड्या चपळ आहेत. आम्ही वाऱ्याची वाट पाहतो, हे वल्ही मारून निघून जातात. आम्हालाही अशाच होड्या हव्यात, असा सूर त्यांत पुन्हा पुन्हा लागतो. वेढ्यात अडकलेल्यांनी आपली बखर लिहिलेली नाही. दगड रचणाऱ्याच्या हातात लेखणी नसते. आपल्यापर्यंत आली ती वेढा घालणाऱ्यांची कुरकुर, आणि त्या कुरकुरीतून बेटावरचा एकेक दिवस उलगडतो. शत्रूच्या कारकुनाने त्रासून लिहिलं म्हणून या नावाड्यांचं कसब कागदावर उतरलं.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आलं. वाऱ्याविना कामाला न येणारी अवजड जहाजं बांधू नयेत, बेताची आणि चपळ बांधावीत, असा त्यातला उपदेश आहे. तो वाचताना खांदेरीभोवती डुलणारी ती तीन शिबाडं डोळ्यांपुढे येतात.

वेढा घालणाराही बेटावरच

या कहाणीत एक पेच आहे, आणि महाराजांनी तो बरोबर ओळखला होता. मुंबईही तेव्हा बेटच होती. तिथे भात पुरेसं पिकत नव्हतं, जळणाचं लाकूड नव्हतं. धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला हे सगळं खाडीपलीकडून यायचं, आणि खाडीपलीकडचा बराचसा मुलूख मराठ्यांचा. जो दुसऱ्याच्या बेटाची रसद तोडायला निघाला होता, त्याचीच चूल शेजाऱ्याच्या लाकडावर पेटत होती.

ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे चार हजार माणसं धाडली. ठाण्यावरून मुंबईत उतरायचा हा डाव होता. पोर्तुगीजांनी वाट दिली नाही, तेव्हा फौज पनवेलकडे वळली. मुंबईवर एकही गोळी झाडली गेली नाही, पण बंदरातल्या लोकांची झोप उडाली. किल्ल्यातली निम्मी माणसं खांदेरीवर, आणि पनवेलला चार हजार मराठे. सुरतेच्या वरिष्ठांनी खर्चाचे आकडे पाहिले आणि मुंबईला कळवायला सुरुवात केली की हे प्रकरण आवरतं घ्या, जमेल तशी बोलणी करा. कंपनी ही शेवटी व्यापाऱ्यांची पेढी. तिच्यासाठी वेढा म्हणजे वहीतली नावेची बाजू.

नोव्हेंबरच्या अखेरीस सिद्दी कासम चौतीस जहाजं घेऊन हजर झाला. आता खांदेरीवर दोन आरमारांच्या तोफा चालू लागल्या. कागदावर पाहिलं तर बेटाचा शेवट जवळ आला होता. पण इंग्रजांना सिद्दीची मदत जेवढी हवी होती तेवढीच तिची भीती होती. बेट जिंकलं तर ते ठेवणार कोण? सिद्दीला ते स्वतःसाठी हवं होतं, हे केग्विनच्या लवकरच ध्यानात आलं. मुंबईच्या तोंडावर मराठा परवडला, पण मोगलांचा सिद्दी कायमचा बसला तर काय, हा प्रश्न इंग्रजांना छळू लागला. दोघांनी मिळून एकदम चढाई करायची वेळ आली की दोघेही एकमेकांकडे बघत राहायचे. त्या बघण्यात रात्री सरत होत्या, आणि दर रात्रीला मतलई सुटत होता.

तीन वेढे

आता पुन्हा घाटावर येऊ. खांदेरीवर तोफा धडाडत होत्या तेव्हा राजे किनाऱ्याजवळ का नव्हते? कारण त्या शरदात खांदेरीखेरीज आणखी तीन वेढे चालू होते.

पहिला विजापूरचा. मोगल सरदार दिलेरखान आदिलशाही राजधानीच्या दाराशी येऊन बसला होता. विजापूरच्या सिद्दी मसूदने महाराजांकडे मदत मागितली. ज्या आदिलशाहीने अफजलखान पाठवला, तिलाच वाचवायला महाराजांनी दहा हजारांच्या आसपास घोडदळ आणि बैलांच्या पाठीवर लादलेलं धान्य रवाना केलं. इथे राजकारणाइतकाच वेढ्याचा अनुभव बोलतो. अडकलेल्या शहराला आधी दाणा लागतो, तलवार त्यानंतर.

दुसरा वेढा घरातला होता. युवराज संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरात दिलेरखानाच्या गोटात गेले होते. बापाने ज्या शहराला धान्य धाडलं, त्याच शहराबाहेरच्या छावणीत मुलगा होता. नोव्हेंबरच्या मध्याला दिलेरखानाने विजापूरचा वेढा उठवला आणि वाटेतल्या गावांवर हात टाकला. अथणीच्या रयतेची धूळधाण पाहून संभाजीराजांचं मन उडालं. ते छावणीतून निसटले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळ्यावर पोचले.

तिसऱ्या वेढ्यात राजे स्वतः सापडले. दिलेरखानाचं लक्ष विजापूरवरून हलावं म्हणून त्यांनी मोगल मुलखात मुसंडी मारली, आणि ती मुसंडी आमच्या जालन्यापर्यंत आली. परतताना संगमनेरजवळ रणमस्तखानाने गाठलं. तीन दिवस लढाई चालली. सिधोजी निंबाळकर हा मोहरा तिथे पडला. आणखी मोगल फौजा चालून येत होत्या. लुटीची ओझी आणि दमलेले घोडे घेऊन सैन्य कोंडीत सापडलं, तेव्हा बहिर्जी नाइकाने आडवाटा शोधून सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर पोचवलं. महाराज तिथे विसावले म्हणून किल्ल्याचं नाव विश्रामगड पडलं.

जालन्यात लुटले गेलेले लोक आमचे शेजारी होते, हे मराठवाड्यातल्या लेखकाने विसरू नये. त्या वर्षी आम्ही या कहाणीत पलीकडच्या बाजूला उभे होतो. पण संगमनेर, विजापूर आणि खांदेरी या तीन ठिकाणांवरून रेघ ओढली की एक गोष्ट दिसते. विजापूरला बैलांवरून धान्य, खांदेरीला होड्यांतून धान्य, आणि संगमनेरला वाट माहीत असलेला एक माणूस. तिन्ही ठिकाणी निकाल लागला तो कोंडलेल्यापर्यंत वाट पोचते की नाही, यावर.

माल्टाची आठवण

जगात वेढलेल्या बेटांची गोष्ट निघाली की भूमध्य समुद्रातलं माल्टा आठवतंच. खांदेरीच्या आधी एक शतकभर, १५६५ मध्ये, तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. बंदराच्या तोंडाशी सेंट एल्मो नावाचा छोटा कोट होता. तो दिवसभर तोफा खायचा आणि रात्री बंदरापलीकडून होड्या यायच्या. जखमी परत न्यायच्या, ताजी माणसं सोडायच्या. या होड्यांची वाट तुर्कांच्या तोफांनी बंद केली आणि थोड्याच दिवसांत, २३ जूनला, एल्मो पडला.

दुसऱ्या महायुद्धात तेच बेट पुन्हा कोंडलं गेलं. १९४० ते १९४२ या काळात इटली आणि जर्मनीच्या विमानांनी माल्टावर बाँबचा पाऊस पाडला. लोक चुनखडकात खोदलेल्या भुयारांत राहू लागले. ब्रेडचं रेशन झालं, सार्वजनिक स्वयंपाकघरांतून अन्नाच्या वाट्या मोजून मिळू लागल्या. धान्य कधी संपेल आणि शरणागती कधी पत्करावी लागेल, याची तारीख गव्हर्नरने गुपचूप काढून ठेवली होती. आणि तरीही रात्री काहीतरी पोचत होतं. पाणबुड्यांच्या पोटात रॉकेल, पेट्रोल आणि दुधाची भुकटी भरून आणली जायची. ‘वेल्शमन’ नावाचं वेगवान जहाज १९४२ च्या मे महिन्यात फ्रेंच विनाशिकेचं सोंग घेऊन शत्रूच्या समुद्रातून दारूगोळा घेऊन आलं. ऑगस्टमध्ये चौदा व्यापारी जहाजांचा तांडा निघाला, त्यातली पाच पोचली. शेवटचं ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज इतकं फुटलं होतं की दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून त्याला बंदरात आणावं लागलं. ती तारीख १५ ऑगस्ट.

माल्टाला किंग जॉर्जकडून पदक मिळालं. ते आज त्या देशाच्या झेंड्यावर आहे. तिथल्या जहाजांची नावं, कप्तानांची नावं, कुठल्या पोटात किती पिंपं होती याची यादी, सगळं नोंदलेलं आहे. खांदेरीच्या होड्यांना नाव नव्हतं. त्या सकाळी मासळीच्या कामाला लागत.

उंदेरी, तह आणि चैत्र

सिद्दीने शेवटी मित्रालाही चकवलं. खांदेरी हाती लागत नाही हे पाहून १६८० च्या जानेवारीत तो शेजारच्या उंदेरीवर उतरला आणि तिथे तोफा चढवून तट बांधू लागला. मायनाकाने जे इंग्रजांसोबत केलं, तेच कासमने मराठ्यांसोबत केलं. उंदेरी किनाऱ्याच्या आणखी जवळ. रसदेच्या वाटेवरच तो बसला.

दौलतखानाने जानेवारीच्या अखेरीस उंदेरीवर हल्ला चढवला. किनाऱ्यावरून तोफांचा मारा, समुद्रातून गलबतांची चाल. चार तासांच्या लढाईत तो सपाटून हरला. इंग्रजी नोंदींप्रमाणे मराठ्यांच्या चार गुराबा आणि चार लहान गलबतं गेली, दोनशे माणसं पडली, आणि दौलतखान स्वतः पायाला जबर जखमी झाला. समोरासमोरच्या आरमारी लढाईत मराठे त्या वर्षात दोनदा मागे हटले, हे मान्य करायला हरकत नाही. तरी खांदेरी त्यांचीच राहिली.

इंग्रजांनी तोवर आपली जहाजं मागे घेतली होती. मार्चमध्ये मुंबईने महाराजांशी तह केला. सिद्दीच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईत आसरा द्यायचा नाही, हे त्यातलं मुख्य कलम. ज्या नांगरासाठी हा सगळा खटाटोप होता, तो नांगर निदान कागदावर तरी उचलला गेला. काही आठवड्यांत, ३ एप्रिल १६८० ला, रायगडावर महाराजांनी देह ठेवला. खांदेरी ही त्यांच्या हयातीतली शेवटची मोठी आरमारी खटपट.

केग्विनची कथा पुढे वेगळीच वळली. कंपनीच्या काटकसरीला आणि कारभाराला कंटाळून त्याने १६८३ च्या डिसेंबरात मुंबईतच बंड केलं, किल्ला ताब्यात घेतला आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने कारभार चालवला. ज्या कंपनीने खांदेरीवर पैसा मोजून मोजून वेढा घातला, तिला त्या काटकसरीची किंमत अशी चुकवावी लागली.

दोन्ही बेटं पुढे ऐंशी वर्षं एकमेकांसमोर उभी राहिली. उंदेरीवर सिद्दी, खांदेरीवर मराठे, आणि मध्ये तोफगोळ्याच्या टप्प्यात येणारं पाणी. १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बूनने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर पुन्हा आरमार आणलं आणि हात हलवत परत गेला. बेट इंग्रजांच्या हाती लागलं ते मराठेशाही बुडाल्यावर, १८१८ मध्ये. १८६७ मध्ये तिथे दीपगृह उभं राहिलं. ज्या टेकडीवरून मराठे मुंबईची जहाजं न्याहाळत, तिथून मुंबईच्या जहाजांना वाट दाखवली जाऊ लागली.

आज बेटावर तट बऱ्यापैकी उभा आहे. गाड्यावर चढवलेल्या तोफा आहेत, ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा एक खडक आहे, आणि वेताळाचं देऊळ आहे. कोळी या वेताळाला फार मानतात. बेटाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. नौदलाने खांदेरीचं नाव पाणबुडीला दिलं, एकदा १९६८ मध्ये आणि दुसऱ्यांदा २०१९ मध्ये. रात्री पाण्याखालून नकळत जाणाऱ्या जहाजाला याहून योग्य नाव सापडलं नसतं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात खांदेरी आहे.

वारशाच्या यादीत तट येतो, तोफा येतात, दीपगृहाची नोंद होते. मतलई वारा कुठल्याच यादीत येत नाही. पण पाऊस संपला की आजही तो रोज रात्री थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे निघतो, आणि त्यावर स्वार होऊन पहिल्या होड्या काळोखातच बाहेर पडतात. १६७९ च्या त्या हिवाळ्यात मुंबईचा कारकून सकाळी वही उघडायचा तेव्हा मराठ्यांच्या होड्या बेटाला लागून, रिकाम्या होऊन परतलेल्या असायच्या. त्याच्या हाती उरायची ती नुसती तक्रार. ती त्याने इमानाने लिहून ठेवली, हे आपल्यावर त्याचे उपकारच.